रघुवीरच्या खिशातली चिठ्ठी

।। श्री ।।

भोर,
सोमवार, ता. ८ फेब्रुवारी १९३७

चि. मालिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारच्या टपालाने पोचलं. इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही आणि ते माझ्याकडे देत नाहीत, असं आमचं चाललंय. परसातल्या लिंबाला यंदा फळ चांगलं धरलंय. शेजारणी येऊन वाखाणतात आणि जाताना ओच्यातून चार घेऊन जातात. नेईनात का बापड्या.

नलूचं वाचून मात्र जीव थाऱ्यावर राहिला नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू म्हणजे काय गं? मी हे म्हाताऱ्यांचं दुखणं समजत होते. बापाचे कुरळे केस घेतले, हट्ट घेतला, तेवढ्यावर भागलं असतं. मधुमेहही घ्यायचा होता का तिने? मधुमेह असताना डोळ्याला हत्यार लावायला मुंबईचे डॉक्टर नको म्हणाले आणि व्हिएन्नाला न्या म्हणाले, तेव्हा तू डगमगली नाहीस हे बरं केलंस. तिचा बाप, माझा रघुवीर, त्याच वाटेवर गेला, म्हणून पोरीला आंधळी ठेवायची हा काही न्याय नव्हे. उपेंद्रमामा सोबत जातोय, तोही शहाणा माणूस आहे, भावांमध्ये असे थोडे असतात.

तू लिहितेस, "त्या वेळी नलूच्या तापापायी माझं कशात लक्ष नव्हतं, बांधाबांध सगळी वन्सं, तुम्ही केलीत, तर आठवून लिहा." लिहिते. सात वर्षं झाली, पण मला सगळं आठवतं.

पिचकाऱ्या दोन घ्या, आणि त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत ठेवा. रघुवीरने दोन्ही एकाच पेटीत भरल्या होत्या, मी त्याला म्हटलं, अरे वकिला, पेटी समुद्रात पडली तर काय लाटांना टोचणार आहेस? सुया उकळायला स्पिरिटचा दिवा लागतो, पण बोटीवर तो खोलीत पेटवू देत नाहीत, आधी विचारून ठेवायचं. इन्सुलिनच्या बाटल्या उन्हाने नासतात. बोटीवर बर्फाची कोठी असते, तिथे ठेवायला द्या, पण तीन-चार दिवस पुरेल एवढं जवळ असू दे, ओल्या फडक्यात गुंडाळून. सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. बोट लागून ओकाऱ्या झाल्या आणि पोटात काही ठरेना, तर सुईचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. समुद्रात गेल्यावर कोणाला विचारणार?

साखरेच्या वड्या हव्यात. नलूच्या प्रत्येक कपड्याच्या खिशात दोन-चार, उपेंद्रच्याही खिशात. मेणकापडात गुंडाळा, नाहीतर मुंग्या नलूच्या आधी त्या फस्त करतील. डॉक्टरांची चिठ्ठीही खिशात असावी. गोडा मसाला आणि मेतकूट मी करून पाठवते. मेतकुटात डाळी असतात, ते तिला चालेल ना ते विचार. लोणचं लिंबाचं, बिनसाखरेचं, ते मुरायला टाकलंच आहे.

कोंडिबाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. "या खेपेला कोंडिबासारखा गलथान माणूस बरोबर नाही, एवढं तरी देवाने बरं केलं." वाचलं मी. बिचारा वेल्ह्यात असतो, तोरण्याच्या पायथ्याशी, थकला म्हणतात. मागल्या जर्मन लढाईत लामावर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस, म्हणून आपणच त्याला रघुवीरबरोबर दिला होता. त्याबद्दल मग कधीतरी लिहीन, आता टपालाची वेळ झाली.

नलूला पेटीत दोन गरम कांबळी द्या. पायमोजे लोकरीचे. तिकडे आंघोळीला पाणी बेताचंच देतात असं ऐकते. बघ, टपालाची वेळ झाली म्हणता म्हणता आणखी अर्धं पान लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. नलूच्या कोटाला आतून खिसा हवा, साखरेसाठी आणि चिठ्ठीसाठी. तो मी शिवते. बोट सहा मार्चची आहे ना, मग महिनाअखेर मी पुण्याला येते. माझा टाका तुला ठाऊक आहे. कापड फाटेल, पण टाका उसवायचा नाही.

तुझी,
वन्सं

*

।। श्री ।।

भोर,
बुधवार, ता. १७ फेब्रुवारी १९३७

चि. मालिनीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आज सकाळी आलं आणि मी स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसले आहे. कांबळी घेतलीस, पिचकाऱ्या घेतल्यास, डॉक्टरांकडून सुईचं लिहून घेतलंस, सगळं छान केलंस. आणि मग लिहितेस की चिठ्ठी तेवढी देणार नाही.

तुझं म्हणणं मी नीट दोनदा वाचलं. नलूचं जिथे बोलणं चाललंय त्यांचे काका त्याच बोटीने जाणार आहेत. तिच्याजवळ असला कागद कोणाच्या नजरेला पडला, तर मुलीला मधुमेह आहे हे जगाला कळेल. आणि चिठ्ठीतलं ते पहिलंच वाक्य, "मी दारू प्यालेली नाही," हे कुलीन मुलीच्या खिशात शोभतं का? आणि शेवटी लिहिलंस, "चिठ्ठी असून तरी काय झालं? यांच्या वेळी कोंडिबाने हरवलीच की."

मालिनी, असं करू नकोस. मोठी म्हणून सांगते, वाटल्यास पाया पडून सांगते. ज्या घरात आजार झाकून मुलगी द्यावी लागते ते घर नलूला नको. ते काका बोटीवर असले तर असू देत. लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील! आज हे म्हणतील, उद्या ते म्हणतील. लोकांच्या तोंडाला कोणी हात लावलाय? आणि लोकांना घाबरून—

हे वाक्य मी पुरं करू शकत नाही. तू म्हणशील, वन्सं कोण मोठ्या लोकांना न भिणाऱ्या. खरं आहे.

मी परवा वेल्ह्याला जाते आहे, कोंडिबाला भेटायला. या गुडघ्यांनी, हो. का, ते आत्ता विचारू नकोस. आल्यावर लिहिते. तोवर एवढंच कर की डॉक्टरांनी दिलेली ती चिठ्ठी फाडू नकोस. पोळपाटाखाली ठेव, देवामागे ठेव, कुठेही ठेव, पण फाडू नकोस.

वन्सं

*

भोर,
मंगळवार, ता. २३ फेब्रुवारी १९३७

मालिनी,

या पत्राच्या डोक्यावर मी आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही. सगळं वाचून झाल्यावर तुला माझा आशीर्वाद हवासा वाटला, तर तो आहेच.

चिठ्ठी कोंडिबाने हरवली नव्हती. चिठ्ठी मी काढून घेतली.

आता लिहिलं ते लिहिलं. बाकीचंही लिहिते. तुला मी काय सांगावं, तरी पहिल्यापासून सांगते, कारण यातलं काही तुला माहीत आहे आणि काही नाही.

रघुवीर निघायच्या आदल्या दिवशी आपण जेवायला बसलो होतो. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी त्याने सगळ्यांना मराठी करून वाचून दाखवली, आठवतं? "मी दारू प्यालेलो नाही. मला मधुमेह आहे. माझा तोल जात असेल, मी असंबद्ध बोलत असेन, तर मला लगेच पाण्यात साखर घालून पाजा आणि डॉक्टरांना बोलवा." सगळे हसले. पंगतीला कोर्टातली मंडळी होती, त्यातले एक जण म्हणाले, "वा वकीलसाहेब, निर्दोष असल्याचा पुरावा आधीच खिशात!" तूही हसलीस. मी हसले नाही. माझ्या मनात आलं, आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी त्या वस्तूचं नाव घेतलं नाही, आणि माझा भाऊ तो शब्द खिशात घालून साता समुद्रापार जाणार. उद्या धोबी वाचेल, बोटीवरचा नोकर वाचेल. कोणी विचारलं नसताना "मी प्यालो नाही" म्हणणारा माणूस प्यालेलाच असतो, असं लोक धरून चालतात. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं.

सकाळी तो आंघोळीला गेला, तू नलूच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस. कोट खुंटीला होता. मी चिठ्ठी काढली आणि त्या जागी भोरेश्वराच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली. साखरेच्या वड्यांना हात लावला नाही. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, समजलं नाही, असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, कारण त्यात काय आहे ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं, म्हणून चुलीत घातली नाही. पोथीत ठेवली. ती अजून तिथेच होती.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्या बंदराचं नाव मी सात वर्षांत तोंडाने घेतलं नाही, आजही लिहीत नाही. आदल्या दिवसापासून त्याला बोट लागली होती, सकाळी सुई घेतली आणि खाल्लेलं ओकून गेलं. तरी तो दुपारी एकटाच टपाल टाकायला बंदरावर उतरला, कोंडिबा खाली पेट्यांपाशी होता. येताना रस्त्यातच त्याचा तोल जायला लागला, जीभ अडखळायला लागली. तिथल्या शिपायांना वाटलं, प्यालेला आहे. नेऊन कोंडला. सकाळी दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तू तेव्हा पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "खिशात साखर होती, मग त्यांनी खाल्ली का नाही?" अगं, ज्याची शुद्ध हरपत चालली, त्याला खिसा कुठला आठवायला? म्हणून तर डॉक्टरांनी परक्याला वाचायला कागद दिला होता. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुला समजावलं नाही. तुझ्या शेजारी बसून रडले.

आणि ज्या शब्दाला मी भ्याले तोच शब्द भोरात आला. "वकीलसाहेब परमुलखात पिऊन मेले." विहिरीवर ऐकू आला, देवळात ऐकू आला. त्याच्यापायी तू नलूला घेऊन भावाकडे पुण्याला गेलीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "जा बाई, इथले लोक वाईट." लोकांवर ढकलून मोकळी झाले.

आता कोंडिबाचं. तो महिन्याने परत आला, ती दुपार तू विसरली नसशील. ओसरीखाली उभा होता, रघुवीरची पेटी पुढे ठेवून. तू विचारलंस, "कोंडिबा, चिठ्ठी होती ना? चिठ्ठी कुठे गेली?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढंच. मग तो म्हणाला, "वैनीसाब, म्या कोट झटकाया काढला व्हता. तवाच पडली आसंल. माझ्याकडनं हरवली." तू म्हणालीस, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. त्याने पेटीला हात लावून नमस्कार केला आणि गेला. मी तिथेच, तुझ्या मागे, दाराला धरून उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी घरात उभं राहून बघितलं, आणि चोर मीच.

तो खोटं का बोलला हे मला कळत होतं आणि नव्हतं. सात वर्षांत मी त्याला विचारायला गेले नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मेले असते तरी गेले नसते.

शुक्रवारी मोटारीने नसरापुरापर्यंत गेले, पुढे बैलगाडीने मार्गासनीवरून वेल्ह्याला. गाडीवान म्हणाला, "कोंडिबाकडं? त्याच्याकडं कोन जातं आता?" पूर्वी त्या खोऱ्यातून कोणाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं झालं की कोंडिबाला बरोबर न्यायचे. जग बघितलेला माणूस, डॉक्टरांशी बोलणारा. वकीलसाहेबांचं झालं तेव्हापासून एकाने त्याला नेलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचा स्वतःचा चुलतभाऊ पोट फुगून आडवा झाला, त्यालाही दुसऱ्याच कोणाबरोबर पाठवला. हे मला गाडीवानाने वाटेत सांगितलं, मी कोण ते न कळता.

कोंडिबा अंगणात सूप धरून नाचणी पाखडत होता. मला बघून उठला. केस पांढरे झालेत, पाठ अजून पलटणीतल्यासारखी ताठ. सगुणाबाईने, त्याच्या बायकोने, गूळपाणी आणून पुढे ठेवलं. मी ते प्यायले. घरी येऊन त्यासाठी आंघोळ केली नाही, हेही तुला लिहून ठेवते.

मी विचारलं, "कोंडिबा, तू का घेतलंस अंगावर?"

तो म्हणाला, "आक्कासाब, सायबांनी बोटीवर सांगितलं व्हतं. कोट घातला तवा पुडी घावली, चिठ्ठी न्हाई. सायेब लई हासलं. म्हनलं, कोंडिबा, घरी गेल्यावर ह्यावरनं आक्काला कुनी बोलायचं न्हाई, तिला वंगाळ वाटंल. सायेब गेलं. आता सायबांचा शबूद म्या कसा मोडावा?"

तोच पुढे म्हणाला, "अन् तुमी खाली बघितलं तवा म्हनलं, दोगी बाया एका घरात ऱ्हायच्या. एकीनं दुसरीला तोंड कसं दावायचं? माझं काय, म्या डोंगरातला मानूस."

मग मी त्याला त्या दिवसाचं विचारलं. सात वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "सांजच्याला मला त्यो कोंडवाडा घावला. गजाआडनं सायेब दिसत व्हतं, भुईवर. म्या म्हनलो शुगर, म्या म्हनलो सुक्कर, बसऱ्याला सुक्करच म्हंत्यात साखरंला. बीमार हाय म्हनलो, हात जोडलं. त्यो शिपाई वाईट न्हवता आक्कासाब. त्यो निसतं म्हनायचा, कागुद दाव. डाक्टरचा कागुद दाव, सोडतो. कागुद कुठनं दाऊ?"

मालिनी, मी आजवर समजत होते की चिठ्ठी असती तर कदाचित वाचला असता. कदाचित, असं मनाला सांगत होते. त्यांनी कागदच मागितला होता. तो इथे भोरात, माझ्या पोथीत, हळदी-कुंकवाच्या पानाशेजारी होता.

मी कोंडिबाला म्हटलं, मालिनीला सगळं लिहिते. तो नको म्हणाला. झालं गेलं, आता कशाला, तुमी बी थकला. मग मी सांगितलं की नलू त्याच वाटेने निघाली आहे आणि तिची आई तिला चिठ्ठी देत नाही. त्याचा चेहराच बदलला. सूप खाली ठेवलं. "पोरीचं हाय व्हय? मंग आजच लिवा. हितंच बसून लिवा." आणि मला दोन गोष्टी तुला कळवायला सांगितल्या. चिठ्ठी एक नको, तीन हव्यात, एक नलूच्या कोटात, एक तिच्या गळ्यात पिशवीत, एक मामाच्या खिशात. आणि प्रत्येक बंदर यायच्या आधी बोटीवरच्या लोकांना विचारायचं, इथे साखरेला काय म्हणतात, आणि तो शब्द दोघांनी पाठ करायचा. नलू एकटीने कुठेही उतरायचं नाही, पत्र टाकायलासुद्धा नाही.

पत्र टाकायला. मी इथवर आले आणि अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे. खरं तर सगळ्यात मोठी तीच, म्हणून शेवटापर्यंत लांबवली.

रघुवीर त्या दिवशी जे पत्र टाकायला उतरला, ते मला होतं. मीच त्याला बजावलं होतं की प्रत्येक बंदरातून दोन ओळी टाक. ते पत्र तारेनंतर अकरा दिवसांनी आलं. तू माजघरात भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. टपालवाल्याने दारात माझ्या हातात दिलं, आणि मी ते पदराआड घेऊन आत नेलं. तुला दाखवलं नाही. का ते आता तुला कळेल. ते पत्र या लिफाफ्यात आहे. तुझं आहे, तू वाच. पण मला ते पाठ आहे, तेव्हा इथेही उतरवते.

"अक्का, बोटीवर चढल्यापासून आज पहिल्यांदाच हा कोट घातला, आणि चिठ्ठीऐवजी तुझ्या अंगाऱ्याची पुडी हाताला लागली. काम तुझंच, दुसऱ्या कोणाची एवढी छाती नाही. रागावलो नाही. बोटीवरच्या डॉक्टरकडून उद्या दुसरी लिहून घेतो. घरी आल्यावर तुला जन्मभर चिडवायला एक विषय झाला. पोट कालपासून बरं नाही, बाकी ठीक. मालिनीला निराळं पत्र पुढच्या बंदरातून लिहितो, तोवर हेच तिला वाचून दाखव. तिला सांग, समुद्र तिने बघितलाच पाहिजे. परत येईन तेव्हा मुंबईला बोलावून घेतो. नलूचा ताप उतरला का ते कळव."

हेच तिला वाचून दाखव, असं त्याने लिहिलं होतं. पुढचं बंदर आलं नाही. म्हणजे हेच तुझंही पत्र. तू वर्षभर विचारत होतीस, "मला एक ओळही लिहिली नाही हो त्यांनी," आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवायची. चिठ्ठी काढली ती मूर्खपणाने, मालिनी. हे पत्र ठेवलं ते समजून उमजून, रोज, सात वर्षं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला देणं भाग पडेल, तुझा स्वभावच तसा आहे. दोन कामं मात्र कर. नलूला चिठ्ठी दे. तुझ्या मागच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य माझं होतं, माझ्याच तोंडचं, आणि ते कुठवर जातं ते मी वर लिहिलंय. ते काका बघणार असतील तर त्यांच्यासमोरच खिशात घाल. दुसरं, कोंडिबाला पत्र लिही. मीही त्याला कालच निराळं टाकलं आहे, काय घडलं ते सगळं माझ्या नावानिशी लिहून. वेल्ह्याला आलेलं पत्र शाळेचे मास्तर चावडीवर मोठ्याने वाचतात, चार माणसं जमतात, संध्याकाळपर्यंत खोऱ्यात पोचतं. तिथून भोरात यायला दोन दिवस. येऊ दे. पण माझ्या पत्राने त्याचं नाव धुऊन निघेल, मन नाही. त्याला पायरी चढू नकोस असं तू म्हणालीस, चढ असंही तूच म्हणायला हवं.

पोथीतली चिठ्ठीही सोबत ठेवली आहे. रघुवीरच्या नावाची आहे, पण मजकूर तोच लागणार. डॉक्टरांना दाखव, नलूच्या नावाने तीन नकला करून घे.

खिसा शिवायला मी पुण्याला येत नाही. नलूच्या कोटाला माझे हात लागायला नकोत. तू शीव. दुहेरी टाका घाल. चिठ्ठी आत घातलीस की वरून हात फिरवून बघ. आणि निघायच्या दिवशी सकाळी, ती आंघोळीला गेली की, पुन्हा एकदा बघ.

नलूला आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याचं पत्र सात वर्षं उशिरा पोचवणारी,
वन्सं